घरमालक फोन उचलत नाही: थांबायचं, नोटीस द्यायची की इसार परत घ्यायचा?

"गड्डा होऊ द्या की ओ, मग निवांत बसू."

मी घेत होतो त्या घराचे मालक, ज्यांना मी मामा म्हणतो, डिसेंबरात असं म्हणाले तेव्हा मला काहीच खटकलं नाही. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा; नंदीध्वज निघायच्या दिवसांत सोलापुरात कोण खरेदीखताला बसतंय? घर जुळे सोलापुरातलं, दोन खोल्या खाली, दोन वर, पुढं लिंबाचं झाड. ५१ हजार इसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, देऊन झाला होता. गड्डा झाला, होम मैदानावरचे पाळणे उतरले, फेब्रुवारीचं ऊन चटके द्यायला लागलं. मामांचा फोन वाजायचा, कोणी उचलायचं नाही. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटायच्या आणि पुढं शांतता. एकदा उचलला तर म्हणाले, "बाहेरगावी आलोय", आणि मागून त्यांच्याच बोळातल्या पिठाच्या गिरणीचा आवाज येत होता.

अशा वेळी माणसापुढं तीन वाटा असतात: थांबायचं, वकिलाची नोटीस धाडायची (आणि गरज पडली तर दावा), किंवा इसार परत घेऊन दुसरं घर बघायचं. एजंट, मेहुणे, ऑफिसातले मित्र, ज्याला विचाराल तो आपल्या स्वभावाप्रमाणे एक वाट दाखवतो. माझं मत असं झालंय की स्वभाव बाजूला ठेवून आधी दोनच गोष्टी बघाव्यात. हातात कागद कोणता आहे, आणि मालक गप्प का आहे.

हातातला कागद

नुसत्या बोलीवर व्यवहार असेल आणि पैसे दिले नसतील तर पुढचं वाचायचीही गरज नाही. दुसरं घर बघा.

इसारपावती असेल, म्हणजे ५०० च्या स्टॅम्पवर नोटरीकडं केलेली, तर तुमच्याकडं पुरावा आहे. घर मात्र अजून तुमचं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याचं कलम ५४ स्वच्छ सांगतं की विक्रीच्या करारानं मिळकतीत हक्क तयार होत नाही. तुम्हाला मिळतो तो कोर्टात जाऊन "ठरल्याप्रमाणे विकायला लावा" असं मागायचा हक्क. चूक विकणाऱ्याची असेल तर दिलेल्या पैशाचा बोजा, म्हणजे ते पैसे वसूल करायचा हक्क, त्या मिळकतीवर राहतो, असं त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. फार लोकांना हे ठाऊक नसतं आणि मालकाला तर मुळीच नसतं.

साठेखत, म्हणजे विक्रीचा रीतसर करार, नोंदणी झालेलं असेल तर गोष्ट वेगळी. ते सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे आपल्या बोलीत इंडेक्स टूमध्ये दिसतं, आणि दुसरा कोणी ते घर घ्यायला आला की त्याच्या वकिलाला तुमचं नाव सापडतं. मालक कितीही गप्प बसला तरी त्याला गुपचूप दुसरीकडं विकणं जड जातं.

इथं एक पोटदुखीची गोष्ट सांगून टाकतो. "थोडं रोखीत द्या की" असा आग्रह आपल्याकडं सगळीकडं होतो. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं २०१५ पासून आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा, तोही घेणाऱ्याला. अडचण तुमची अशी की रोखीत दिलेला इसार मालकानं नाकारला तर तुम्ही काय दाखवणार? मी ५१ हजार चेकनं दिले होते. त्या एका चेकनं पुढं माझा बराच घाम वाचवला.

मालक गप्प का आहे

हे शोधण्यात मी चार महिने घालवायला नको होते. एका रविवारी काम झालं.

मामांच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बाई ओट्यावर लाल मिरच्या वाळत घालत होत्या. मी इकडचं तिकडचं बोललो, चहा झाला, आणि त्या अगदी सहज म्हणाल्या, "दोघी भैनी येऊन गेल्या ना दिवाळीत. लई भांडणं झाली ओ." एवढंच. घर मामांच्या वडिलांनी बांधलेलं, वडील मृत्युपत्र न करता गेलेले, आणि सिटी सर्वेच्या उताऱ्यावर वारस म्हणून मामांबरोबर दोन बहिणींचीही नावं. धाकटी इथंच अशोक चौकात, थोरली भिवंडीत. मामांनी मला उताऱ्याची झेरॉक्स दिली होती, पण जुनी, वडिलांच्या नावाची. नवा उतारा मी काढला नव्हता. तो गाढवपणा माझा.

मृत्युपत्र नसेल तर मिळकत वडिलांची स्वतःची असो की वडिलोपार्जित, मुलींचा वाटा असतोच. वडिलोपार्जित घरात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्यावरचा गोंधळ मिटवला. तरीही "बहिणी काय, सही देतील की" या भरवशावर इसार घेणारे भाऊ आपल्या गावात पेठेपेठेत भेटतात. बहीण सही देत नाही, भावाला ते सांगायची लाज वाटते, आणि तो फोन उचलणं बंद करतो. न उचललेल्या फोनामागं पुष्कळदा अशी अडलेली सही असते.

दुसरं कारण भाव. २०२५ च्या १ एप्रिलला रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर, वाढला तेव्हा राज्यातल्या महापालिकांमध्ये सगळ्यात मोठी वाढ सोलापूरची होती, १०.१७ टक्के. त्याच वर्षी होटगी रोडच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली. रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे, विमानामुळं जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांची किंमत वाढते असंही नाही. पण मालकाला कोणीतरी कट्ट्यावर सांगतं, "स्वस्तात दिलास की रे", आणि त्याच्या मनात किडा वळवळतो. असा मालक एजंटाचा फोन मात्र घेतो. ही त्याची खूण. एजंटाला दुसऱ्या नंबरवरून, नवं गिऱ्हाईक म्हणून भाव विचारायला लावा, दोन मिनिटांत कळेल.

तिसरं कारण कागदांचं: घरावर पतसंस्थेचं कर्ज, किंवा प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला, आणि नियमित करून घेतलेला नाही. शहराच्या कडेच्या वस्त्यांत हे पुष्कळ. तुमची बँक कर्ज देणार नाही हे मालकाला तुमच्याआधी कळलेलं असतं.

घरबसल्या दोन गोष्टी करता येतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून त्या मिळकतीचे अलीकडचे दस्त बघायचे, म्हणजे घर दुसऱ्याला गेलंय का ते समजतं. आणि मिळकत पत्रिकेचा, म्हणजे सिटी सर्वेचा, ताजा उतारा काढायचा.

थांबण्याचा हिशेब

थांबायला पैसे लागत नाहीत असं वाटतं. लागतात. बँकेच्या मंजुरीपत्राला मुदत असते, ती संपली की पुन्हा कागद, पुन्हा प्रोसेसिंग फी. घरभाडं चालूच. ३१ मार्च ओलांडला आणि रेडी रेकनर वाढला तर मुद्रांक शुल्कही वाढू शकतं.

तरी बहिणींच्या सहीचा प्रश्न असेल आणि त्या बोलायला तयार असतील तर थांबणं योग्य, पण तारीख ठरवून. मी धाकट्या बहिणीकडं गेलो होतो. ती म्हणाली, "माझं काय नाही ओ, अक्काला विचारा." अशा वेळी भावाच्या हातून बहिणींना पैसे मिळतील या बोलीवर राहू नका. खरेदीखतातच तिघांची नावं, तिघांच्या सह्या आणि प्रत्येकाच्या नावाचा वेगळा डिमांड ड्राफ्ट, असं सुचवा. निम्मी भांडणं हिश्श्याच्या आकड्यावर नसतात, भाऊ पैसे देईल का यावर असतात. भिवंडीची अक्का येऊ शकत नसेल तर नोंदणी केलेलं मुखत्यारपत्र चालतं, पण ते सह्या करण्यापुरतं. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर "विकत घेणं" म्हणजे मालकी नव्हे, हे २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय.

नोटीस

लोक नोटिशीला भितात. "संबंध बिघडतील." अहो, तो फोन उचलत नाही, बिघडायला उरलंय काय! मला वकिलाचे तीन हजार लागले, आणि चार महिन्यांच्या फोनांनी जे झालं नाही ते अकरा दिवसांत झालं. मामांच्या सुनेचा फोन आला.

चांगली नोटीस शिव्या देत नाही. व्यवहाराची तारीख, रक्कम, चेक नंबर, ठरलेली मुदत, आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: उरलेली रक्कम देऊन मी खरेदीखताला तयार आहे. पुढं १५ दिवसांची मुदत आणि दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहण्याची तारीख. त्या दिवशी तुम्ही खरंच तिथं जा, आणि गेल्याचा काहीतरी पुरावा ठेवा. रजिस्टर ए.डी. म्हणायची सवय सुटत नाही, पण २०२५ मध्ये पोस्टानं ती सेवा स्पीड पोस्टात मिळवून टाकली, पोचपावतीसह पाठवा. "घेण्यास नकार" असा शेरा येऊन पाकीट परत आलं तरी फेकू नका, बंदच ठेवा. योग्य पत्त्यावरचा नकार म्हणजे मिळाल्यासारखंच धरतात.

याच्याच जोडीला जाहीर नोटीस. 'संचार'मध्ये किंवा दुसऱ्या कुठल्याही स्थानिक पेपरात चार ओळी आल्या की अमुक मिळकत घेण्याचा करार झालाय, हरकत असेल त्यानं कळवावं, तर तुम्हाला माहीत नसलेले चुलतेही उगवतात. त्रासदायक वाटेल, पण ते आत्ताच उगवलेले बरे.

दावा, आणि माझ्या सहकाऱ्याचं घर

माझ्या ऑफिसातल्या एकाची गोष्ट नेमकी उलटी. त्याला हवं होतं ते घर त्याच्या घराला भिंतीला भिंत लागून. साठेखत नोंदणी केलेलं, निम्म्याहून जास्त रक्कम बँकेतून दिलेली, आणि मालक जास्त किमतीच्या आशेनं गप्प. त्यानं दावा टाकला. मी त्याच्या जागी असतो तर मीही टाकला असता.

कारण त्याला दुसरं तसं घर मिळणार नव्हतं, आणि कागद भक्कम होते. स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार पुरा करून देण्याचा हुकूम पूर्वीइतका न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेला नाही. पण आपण पहिल्यापासून तयार होतो, पैशाची सोय होती, हे सिद्ध करणं अजूनही आपल्याच डोक्यावर. मुदत तीन वर्षं: करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकानं नकार दिल्याचं कळल्यापासून. "बोलणी चालू आहेत" म्हणत ही तीन वर्षं घालवलेले लोक आहेत. दाव्यात पर्यायी मागणी म्हणून इसाराची रक्कम परत मागायला वकिलाला सांगा, ती मागितली नाही तर मिळत नाही. आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडं नोंदवून घ्या, म्हणजे मालकानं मध्येच कोणाला विकलं तरी घेणाऱ्याला निकाल बांधील राहतो.

किंमत मात्र बघा. घराच्या रकमेवर कोर्ट फी, वकील, आणि तारखा. सहकारी अजून तारखांना जातो. त्याला चालतं, कारण राहायला शेजारीच स्वतःचं छप्पर आहे. भाड्याच्या घरात राहून, पोरांची शाळा ठरवायची असताना, ५१ हजारांच्या इसारपावतीवर दावा लढवणं मला तरी झेपणारं नव्हतं.

पोलिसांत जाण्याचा सल्लाही मिळेल. एकच घर दोघांना विकलं असेल, खोटे कागद दिले असतील तर जरूर जा. नुसता करार मोडलाय म्हणून गेलात तर "दिवाणी बाब आहे" ऐकून परत याल.

इसार परत

सुनेच्या फोनानंतर आम्ही बसलो. अक्का तयार नव्हती. पावतीत "विकणाऱ्यानं मोडल्यास दुप्पट" असं लिहिलं होतं. ते वाक्य जवळजवळ प्रत्येक पावतीत असतं आणि दुप्पट घेऊन आलेला माणूस मी अजून पाहिला नाही. मी बोलण्यात ते वाक्य पुढं केलं ते मूळ रक्कम लवकर मिळावी म्हणून. मामा आधी "घर विकल्यावर देतो" म्हणाले. ते मान्य करू नका, त्याला तारीखच नसते. शेवटी दोन चेक ठरले, महिन्याच्या अंतरानं. रद्द केल्याच्या कागदावर सही मी दुसरा चेक खात्यात पडल्यावर केली, आधी नाही. तुमचं साठेखत नोंदणी केलेलं असेल तर रद्दलेखही नोंदणी केलेलाच लागतो, आणि भरलेल्या मुद्रांक शुल्काचा परतावा मागायलाही मुदत असते. तो कागद लांबवू नका.

तेव्हा तुमची इसारपावती असेल आणि कारण बहिणीची सही किंवा वाढीव किंमत असेल, तर माझ्या मते दोन आठवडे माणसांमार्फत, मग नोटीस, मग पैसे परत. साठेखत असेल आणि तेच घर हवं असेल, तर नोटीस आजच द्या आणि दाव्याचं वकिलाला आजच विचारून ठेवा.

मी नंतर विजापूर रोडला घर घेतलं. पहिल्याच बैठकीत चहा यायच्या आधी मालकांना विचारलं, "अण्णा, बहिणी किती तुम्हाला?"

ते हसले. "तीन. का ओ?"

"बोलवा की तिघींनाही. चहा सगळ्यांबरोबरच घेऊ."