जुनी वॅगनआर, पाच गिअर: पहिली गाडी म्हणून कशी आहे?

पहिलीच गाडी, तीही सेकंडहँड आणि मॅन्युअल गिअरची घ्यायची असेल, तर 2010 ते 2018 या काळात विकली गेलेली मारुती वॅगनआर सगळ्यांत आधी पाहावी. तिच्यात दिमाख नाही. पण क्लच हलका आहे, बसायची जागा उंच असल्यामुळे बॉनेटपुढचा रस्ता नीट दिसतो, आणि तिचं काम कोकणातल्या आडगावचा मेकॅनिकही डोळे झाकून करतो. शिकाऊ हातांच्या चुका ही गाडी बऱ्यापैकी सोसते. मात्र मॉडेल चांगलं म्हणून समोर उभी असलेली प्रत्येक वॅगनआर चांगली, असं मुळीच नाही. आधीच्या मालकाने क्लच कसा वापरला आणि रेडिएटरमध्ये काय ओतलं, यावर सगळं ठरतं.

आधी इंजिनाची ओळख. 2010 साली वॅगनआरमध्ये जुन्या 1061 सीसी चार सिलिंडरच्या जागी के-टेन-बी हे 998 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं. हेच इंजिन ए-स्टार आणि अल्टो के-टेनमध्येही असल्याने पार्ट जिथे-तिथे मिळतात. ताकद साधारण 67 बीएचपी, टॉर्क (ओढायचा जोर) 90 न्यूटन-मीटर, तोही 3500 आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला 3500 फेऱ्यांना. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी टायमिंग चेन असल्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. तीन सिलिंडरमुळे न्यूट्रलला थोडी थरथर असते, ती दोष नव्हे. पण स्टेअरिंग, आरसे आणि सीट सगळंच हलत असेल, तर इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते माउंटिंगचं रबर बसलंय किंवा एखादा सिलिंडर मिस मारतोय असं समजा. एसी लावल्यावर थरथर एकदम वाढली, तर संशय आधी माउंटिंगवर घ्यायचा.

गाडी पाहायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड हवं. बॉनेटला हात लावून खात्री करा. गरम करून ठेवलेल्या गाडीत सकाळचं जड स्टार्टिंग, चेनची सुरुवातीची खडखड आणि सायलेन्सरचा निळा धूर, तिन्ही लपतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत पहिल्या दोन मिनिटांची पांढरी वाफ चालते, पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट इंजिनात जातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर सहसा हेड गॅस्केटची (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलची) भानगड असते. फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात थोडी साय ओलाव्यानेही धरते, म्हणून डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही पाहा. तेही कॉफीसारखं असेल तर गाडी सोडून द्या.

कूलंटची टाकी उघडून रंग पाहायलाच हवा. हिरवं, निळं किंवा गुलाबी स्वच्छ पाणी ठीक. गंजासारखं तांबूस असेल, तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं गेलंय. असल्या गाडीचा रेडिएटर आतून चोंदतो, आणि घाटात किंवा मे महिन्यातल्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापते. एसी लावून गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी चालू ठेवा आणि पंखा लागतो-बंद होतो हे कानाने ऐका. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

आता क्लच. जुन्या मॅन्युअल गाडीत सर्वांत जास्त फसगत इथेच होते. वॅगनआरचा क्लच केबलचा आहे. पेडल बोटांनी दाबून पाहा, सुरुवातीला साधारण दोन सेंटीमीटर मोकळं जायला हवं. अजिबात मोकळं नसेल तर क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी तबकडी) सतत थोडी घसरते आणि झिजते. फार मोकळं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणून पहिला किंवा रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो. हे गिअरबॉक्सकडच्या नटावर काही मिनिटांत जुळवता येतं. पेडल दगडासारखं जड असेल, तर बहुतेक केबल आतून गंजलीय किंवा क्लच सेट संपत आलाय.

प्लेट उरलीय की नाही, हे सपाट मोकळ्या जागी तपासा. हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, ॲक्सिलरेटरला पाय न लावता पेडल हळूहळू सोडा. इंजिन लगेच गुदमरून बंद पडलं तर क्लच धरतोय. गाडी जागची न हलता इंजिन चालूच राहिलं, तर प्लेट गेली. ही चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा केल्याने चांगली प्लेटही जळते. रस्त्यावर दुसरी खूण मिळते: चौथ्या गिअरमध्ये चढावर जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही.

आवाजावरूनही बरंच कळतं. न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. पहिलं महागात जातं, कारण गिअरबॉक्स उघडावा लागतो. दुसरं क्लच सेटबरोबरच बदलतात. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्रच टाकून घ्या. फक्त प्लेट टाकून पैसे वाचवले तर काही महिन्यांत गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची पाळी येते आणि मजुरी दुप्पट होते.

मीटरवर 45 हजार किलोमीटर दिसतात, पण पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टेअरिंग चकाकतंय आणि गिअरच्या नॉबवरचे आकडे पुसलेत, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसची बिलं मागा. टायरच्या बाजूवर DOT ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी इतके जुने टायर लवकर बदलायचे असं धरूनच भाव करा.

समुद्रकाठच्या गाड्या स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात. रत्नागिरी, अलिबाग, मालवण किंवा गोव्यातली गाडी असेल, तर ती रॅम्पवर चढवल्याशिवाय टोकन देऊ नका. दारांच्या खालच्या कडा, डिकीच्या झाकणाची खालची घडी, सायलेन्सरचे जोड आणि ब्रेकच्या लोखंडी पाइपा पाहा. नवा काळा अंडरकोट मारलेला असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. बद्द आवाज आला तर खाली गंज आहे.

खड्ड्यातून जाताना पुढून टक-टक येत असेल, तर लोअर आर्मचे बुश किंवा स्टॅबिलायझर लिंक, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे जोड. या गाडीत हे झिजतंच, पार्ट स्वस्त आहेत, त्यावरून सौदा मोडायची गरज नाही. ते बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट मात्र करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातात.

चालवायला ही गाडी शहरात सुखाची आहे. वळणाची त्रिज्या 4.6 मीटर, त्यामुळे गल्लीतही सहज वळते. पहिला गिअर फक्त गाडी हलवण्यापुरता, दहा-पंधराच्या वेगाला दुसरा, तिशीच्या आत तिसरा, चाळिशीला चौथा, पन्नास-पंचावन्नच्या पुढे पाचवा, एवढं सपाट रस्त्यावर पुरतं. टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) नसेल तर कान वापरा. इंजिन ढब-ढब करत गाडी हिसके देऊ लागली की एक गिअर खाली. मायलेजच्या लोभाने तिशीत चौथा ओढणं हे नवशिक्याचं सर्वांत वाईट वळण, कारण टॉर्क वरच्या आरपीएमला आहे आणि खाली फक्त माउंटिंग आणि बेअरिंग मार खातात. रिव्हर्स टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन सेकंद थांबा, मग टाका. खरडला तर ढकलू नका, क्लच सोडून पुन्हा दाबा.

चढावर थांबल्यावर गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, धरून ठेवणं म्हणजे प्लेट जाळणं. हँडब्रेक ओढा, पहिला टाका, थोडा ॲक्सिलरेटर देत पेडल सोडा. बॉनेट किंचित उचललं आणि इंजिनाचा आवाज दबला, की हँडब्रेक सोडा. चालताना डावा पाय क्लचवर ठेवायचा नाही, डावीकडे जमिनीवर ठेवायचा. इथला क्लच इतका हलका आहे की पाय टेकलाय हे कळतही नाही, म्हणून ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडायला हवी.

घाटात ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. आंबा घाट न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचत नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की या इंजिनाचा पेट्रोल पुरवठा आपोआप तुटतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. शिवाय ब्रेक तापून पेडल मऊ पडतं. उतारावर इंजिन बंद करणं तर प्राणघातक: ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि पॉवर स्टेअरिंगही जातं.

उणीव सांगायची तर हायवेवरची. उंच आणि अरुंद बांधा असल्याने ऐंशीच्या पुढे आडवा वारा लागला की गाडी हलते, ट्रकला ओलांडताना हिसका बसतो. चार माणसं, सामान आणि एसी असेल तर ओव्हरटेकसाठी आधी चौथा किंवा तिसरा टाकावा लागतो. नव्वदच्या आत चालवायची गाडी आहे ही. सुरक्षेबाबतही डोळे उघडे ठेवा. जुन्या, खालच्या व्हेरिअंटमध्ये एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) दोन्ही नाहीत. दोन्ही असलेली मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तीच घ्या. त्यापेक्षा म्युझिक सिस्टिमला जास्त पैसे देणाऱ्यांना काय सांगावं!

गाडी घरी आली की बिलं काहीही सांगोत, एकदा सगळी द्रवं बदला. इंजिन ऑइल 5डब्ल्यू-30, फिल्टरसह तीन लिटरच्या आसपास. एकदम सगळं न ओतता शेवटचं थोडं डिपस्टिक पाहत भरा. पुढे दर 10 हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा धरतं आणि घाटात उकळतं. साधे स्पार्क प्लग 40 हजारांनी. तीन प्लग असतात, तिन्ही एकदम बदला. कूलंट तयार मिसळलेलं घ्या. विक्रीच्या वेळी कोणीच बदलत नाही ते गिअर ऑइल. ते बदलल्यावर थंडीत दुसरा गिअर अडकायचा थांबला, असं बऱ्याच गाड्यांत होतं. खरेदीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम या पहिल्या कामांसाठी बाजूला ठेवूनच बजेट ठरवा.

सीएनजीची घेत असाल तर आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) इंधनात सीएनजीची नोंद आणि सिलिंडरच्या तीन वर्षांनी होणाऱ्या हायड्रो टेस्टचं (पाण्याच्या दाबाच्या तपासणीचं) सर्टिफिकेट, दोन्ही पाहा. नोंद नसलेलं किट म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीशी भांडण.

कागदांत मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर विक्रेत्याच्या सह्या, कर्ज असेल तर बँकेचं एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35, परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओच्या एनओसीचा फॉर्म 28. गोव्याची गाडी स्वस्त वाटते, पण महाराष्ट्रात नावावर करताना इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तो भावात धरा. विमाही चौदा दिवसांत नावावर करा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची विम्यातली सवलत) तुम्हाला मिळत नाही. प्रलंबित ई-चलन आधी तपासा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे 2011 ची वॅगनआर 2026 मध्ये आरटीओच्या तपासणीला आणि पर्यावरण कराला जाणार. म्हणून 2010-11 ची गाडी कितीही चकचकीत दिसली तरी तिच्यापेक्षा 2014 नंतरची, एकाच मालकाची, अंगावर दोन-चार ओरखडे असलेली पण बिलांची फाइल असलेली गाडी निवडा.