पिंटोईच्या नावाने विकलेला भुईमूग

वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात मृगाचा पाऊस पडला की गाडीवर रोपे घेऊन विक्रेते गावोगाव फिरतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात आलेल्या अशाच एकाने अंगणात आणि संत्र्याच्या आळ्याभोवती गवताऐवजी पसरणारी, बाराही महिने हिरवी राहून पिवळी फुले देणारी आणि उन्हाळ्यातही पाणी न मागणारी ‘पिंटोई’ म्हणून २५ रुपयांना एक पिशवी या दराने रोपे विकली.

पिंटोई ही वनस्पती खरीच आहे. ती मूळची ब्राझीलची असून १९५४ मध्ये ती गोळा करणारे वनस्पतितज्ज्ञ जेराल्डो पिंटो यांच्यावरून तिचे नाव पडले. ती आपल्या भुईमुगाच्याच प्रजातीतील बहुवर्षायू बहीण आहे. नेमक्या याच नात्याचा विक्रेत्याने फायदा घेतला. शेजारच्या आजी रोप पाहताच म्हणाल्या, “हा तं भुईमूगच दिसते!” त्यावर तो हसून म्हणाला, “बरोबर ओळखलं आजी, त्याच घराण्यातली आहे.” एका पानात चार पर्णिका आणि पिवळे फूल ही लक्षणे दोघांतही सारखी असल्याने शंका तिथेच मिटली.

दिवाळीच्या सुमारास टिक्का या ठिपक्यांच्या रोगाने पाने गळाली, झाडे वाळली आणि उपटून पाहिली तेव्हा आऱ्यांना, म्हणजे फुलांतून निघून जमिनीत शिरणाऱ्या देठांना, दोन-दोन दाण्यांच्या शेंगा लागलेल्या होत्या. (इतका महाग भुईमूग आमच्या घरी कधी भाजला गेला नसेल.)

पिंटोईच्या शेंगेत बहुधा एकच दाणा असतो आणि तिचे बी मातीतून वेचणे खर्चाचे पडते, म्हणून रोपवाटिकेत ती सहसा खोडाच्या कांड्यांपासून वाढवतात. त्यामुळे कोवळ्या रोपाच्या बुडाशी दाण्याच्या दोन जाड डाळी चिकटलेल्या दिसल्या, तर ते बियांपासून उगवलेले आहे हे ओळखावे आणि घेऊ नये. खऱ्या पिंटोईचे खोड जमिनीवर सरपटते व पेरापेराला मुळ्या धरते. शिवाय विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तिलाही ओलावा लागतोच. पाणी नको म्हणणाऱ्याचा माल तिथेच नाकारावा.

विक्रेत्याचा फोन आता बंद आहे. पावतीवर केवळ ‘शोभेची रोपे’ एवढेच लिहिलेले असल्याने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करतानाही कोणते रोप ठरले होते, हे दाखवणे कठीण गेले. म्हणून पावतीवर वनस्पतीचे पूर्ण नाव, विक्रेत्याचा पत्ता आणि रोप कांडीचे की बियांचे, हे पैसे देण्यापूर्वीच लिहून घ्यावे.