एनडीसीचा ४७ आठवड्यांचा कोर्स: फौजी आणि मुत्सद्दी एका मसुद्यावर

नवी दिल्लीत तीस जानेवारी मार्गावर राष्ट्रीय संरक्षण महाविद्यालयाचा, म्हणजे एनडीसीचा, हा कोर्स १९६० पासून चालतो. ब्रिगेडियर आणि त्या बरोबरीचे नौदल-हवाई दलातले अधिकारी, परराष्ट्र, प्रशासकीय आणि पोलीस सेवांमधले वरिष्ठ आणि मित्रदेशांचे अधिकारी इथे एकत्र शिकतात. मुत्सद्द्यांना आणि फौजींना एकमेकांची कामाची रीत कळते का, एवढ्याच कसोटीवर तो कोर्स या लेखात तपासला आहे.

व्याख्यानांनी त्यात फार फरक पडत नाही. खरा उपयोग होतो तो छोट्या मिश्र गटांचा, कारण तिथे सगळ्यांना मिळून एकच मांडणी करावी लागते. आणि तिथेच पहिली ठिणगी पडते ती शब्दांवरून. फौजी अधिकाऱ्याला मसुद्यात ठिकाण, तारीख, अंतर हवं असतं. मुत्सद्दी नेमकी तीच जागा मोकळी सोडतो, कारण समोरच्या देशाच्या प्रतिनिधीलाही तो कागद आपल्या राजधानीच्या गळी उतरवायचा असतो. मग एकाला दुसरा गुळमुळीत वाटतो, दुसऱ्याला पहिला ताठर.

लडाखमधल्या भारत-चीन तणावाचंच घ्या. 'डिसएंगेजमेंट' म्हणजे आमनेसामने उभ्या तुकड्या मागे घेणं, 'डी-एस्कलेशन' म्हणजे मागच्या भागात आणून ठेवलेली जादा कुमक परत पाठवणं. दोन्हींना मसुद्यात 'तणाव कमी करणे' म्हटलं, तर पेट्रोलिंग पॉइंट १५, म्हणजे तिथली गस्तीची एक ठरलेली जागा, सांभाळणारा कमांडर विचारणारच: कोण किती मागे जाणार, कोणत्या क्रमाने, आणि पडताळणार कोण? म्हणून गटाने मजकूर मुत्सद्द्याकडे द्यावा आणि जोडपत्र, म्हणजे ठिकाणं, क्रम आणि पडताळणी, फौजी अधिकाऱ्याकडे. मग अदलाबदल करून दोघांनी वाचावं. जोडपत्राशी न जुळणारं वाक्य तिथल्या तिथे सापडतं.

ही जोडी प्रत्यक्षातही दिसली आहे. २१ सप्टेंबर २०२० ला सीमेवरच्या मोल्डो इथे झालेल्या भारत-चीन लष्करी चर्चेच्या सहाव्या फेरीत कोअर कमांडरांबरोबर परराष्ट्र मंत्रालयाचे सहसचिव पहिल्यांदा बसले. त्या फेरीनंतर दोन्ही देशांचं पहिलं संयुक्त पत्रक निघालं. आघाडीवर आणखी सैन्य न पाठवण्याचं त्यात स्पष्ट होतं.

उणीव मोठी आहे ती संख्येची. परराष्ट्र सेवेत अधिकारीच हजाराच्या आसपास, त्यामुळे बॅचमध्ये ते मोजके. गटात एकटा मुत्सद्दी असला की तो सहकारी न राहता मंत्रालयाचा प्रवक्ता होऊन बसतो. शिवाय इथे येईपर्यंत पंचवीसेक वर्षं नोकरी झालेली असते आणि सवयी घट्ट झालेल्या असतात. अशी सरमिसळ मेजरच्या हुद्द्यावरच मोठ्या प्रमाणात व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

परराष्ट्र सेवेतून येणाऱ्यांनी सीमाभागाचा दौरा अजिबात चुकवू नये. चौकीवर एक प्रश्न जरूर विचारावा: इथून पुढच्या चौकीपर्यंत जानेवारीत पायी किती तास लागतात? नकाशावर बोटभर दिसणाऱ्या अंतराचं उत्तर ऐकल्यावर 'तात्काळ' हा शब्द मसुद्यात लिहिताना हात थबकतो.