७३ नंबरची जर्सी, म्हापशाच्या बाजारातून

शुक्रवारच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाची ही जर्सी सापडली, ३५० रुपयांना. कापड जाड, जाळीदार. चार धुण्यांनंतरही रंग तसाच. ‘३’ची शिलाई उसवली होती, आईने टीप घातली. पावसाळ्यात सुकायला मात्र दीड दिवस.

पाठीवरचं नाव वाचून मला भरून आलं: थॉमस. म्हणजे ब्राउन्सचा जो (Joe) थॉमस, लेफ्ट टॅकल! स्वतः गुण मिळवायचे नाहीत, क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर) धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं. २००७पासून सलग १०,३६३ स्नॅप (म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारे डाव), एकही न चुकवता. २०१७मध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच थांबला. प्लेऑफचा (बाद फेरीचा) एकही सामना नशिबी आला नाही, तरी संघ सोडला नाही. २०२३मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंचा मान, मिळाला. मीही गावच्या (आपल्या नेहमीच्या) फुटबॉल संघात बचावाला, म्हणजे अडवायच्याच कामाला असतो. रविवारी हीच घालून सरावाला जातो.