डिस्क लेथवर मारावी की नवी टाकावी?

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं आणि सरळ रस्त्यावर पुढच्या चाकातून जात्यासारखी घरघर येते. पिकअपची ही दोन दुखणी बहुतेक जोडीनंच येतात. मग सल्लेही दोन मिळतात. ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी आणि पॅड जिला दाबतात ती चकती, लेथवर मारून (वरून तासून सपाट करून) घ्या, बेरिंग धुऊन ग्रीस भरा, गाडी पळेल. नाहीतर डिस्क, बेरिंग, पॅड सगळं नवं टाका आणि मोकळे व्हा. मी एकाच गाडीला, वर्षाच्या आत दोन्ही करून बसलो आहे.

माझी गाडी चांदूर बाजारकडून संत्र्याची कॅरेट घेऊन अमरावतीला जाते, हंगामात नागपूरच्या कळमना मार्केटला. मधून मधून परतवाड्याहून चिखलदऱ्याला किराणा, म्हणजे येताना आख्खा घाट उतरायचा. वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण आहे आणि पावसाळ्यात तिथली काळी माती रिमच्या आत लिंपल्यासारखी बसते.

लेथची बाजू आधी सांगतो, कारण ती मूर्खपणाची नाही. पैशात तर तिची बरोबरीच नाही. नव्या डिस्कच्या जोडीत माझ्या हिशेबानं चार-पाच वेळा लेथ मारून होईल. डिस्क जाड असेल, नुसत्या रेघा पडल्या असतील आणि लेथवाला हबसकट (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागासकट) डिस्क धरून मारणारा असेल, तर काम छान होतं. पण किमान जाडी डिस्कच्या कडेवर कोरलेली असते, ती व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या मापानं) ताडून बघा. मारल्यावर त्या आकड्याच्या खाली जात असेल, तर पुढे वाचायची गरज नाही, नवीच घ्या. पातळ डिस्क लवकर तापते आणि घाटात पुन्हा वाकडी होते.

माझी जाडी आकड्याच्या वर होती, म्हणून मारून घेतली. बेरिंगचं विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "भाऊ, हे अजून दोन सीझन चालते, काऊन बदलता?" मलाही ऐकायला तेच बरं वाटलं. धुतलं, ग्रीस भरलं, चाक बसवलं. पहिले काही दिवस ब्रेक लोण्यासारखा.

मग हळूहळू थरथर परत आली. माझा अंदाज असा: हब लेथवर धरताना मध्य साधला तो बेरिंगच्या कपांवरून (हबमध्ये बसलेल्या बाहेरच्या कड्यांवरून), आणि कप आधीच झिजलेले. वाकड्या मध्यावर सरळ केलेली डिस्क गाडीवर वाकडीच फिरणार. डिस्क किती डोलते ते दाखवणारं मापाचं घड्याळ लावून बघितलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. पण आणखी एक खूण होती. खडबडीत पांदणीतून बाहेर आल्यावर पहिला ब्रेक खोल जायचा, दुसऱ्यांदा दाबला की वर यायचा. बेरिंग ढिलं असलं की डिस्क डोलते आणि पॅड मागे ढकलते. पहिला दाब ती फट भरण्यातच जातो. घाटाच्या वळणावर तो पहिला दाब आठवला की अजून पोटात कसंतरी होतं.

तरीही माझा निर्णय झाला तो भीतीनं नाही, वैतागानं. या गाडीत डिस्क हबच्या मागून बोल्टनं कसलेली आहे. डिस्क काढायची तर हब उतरवायचा, आणि हब उतरला की दोन्ही बेरिंगं हातातच येतात. म्हणजे मजुरी एकच. मी मात्र डावं चाक तीनदा उघडलं. एकदा लेथसाठी. दुसऱ्यांदा ऐन आंबिया बहाराच्या संत्रातोडीत बेरिंगसाठी, तेव्हा ऑइल सीलमधून पाणी शिरून ग्रीस राखाडी झालं होतं. तिसऱ्यांदा शेवटी डिस्कसाठी. दर वेळी नवं सील, नवं ग्रीस, अर्धा दिवस, आणि गाडी जॅकवर असताना तोडलेली संत्री झाडाखाली. तिसऱ्या खेपेला हबचा एक बोल्ट असा गंजला होता की पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो. सुटला, पण डोकं गोल करूनच.

त्यामुळे आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, तुमची डिस्कही अशीच हबमागे असेल आणि बेरिंगला थोडा जरी आवाज असेल, तर एकदाच सगळं टाका. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, डुललं तर बेरिंग ढिलं. घरघर डावीकडे वळताना वाढत असेल तर बहुधा उजवं चाक, कारण भार तिकडे जातो. ज्यांच्या गाडीची डिस्क हब न काढता निघते, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी लेथ मारून बघायला माझी हरकत नाही.

भंगारातल्या डिस्कबद्दल बोलत नाही.

सगळं टाकायचं ठरलं तर डिस्क आणि पॅड दोन्ही चाकांना एकदमच. बेरिंग एनबीसी, टिमकेन, एसकेएफ कोणतंही घ्या, पण बिल देणाऱ्या दुकानातून, कारण नकली डबे हुबेहूब असतात. मिस्त्री नुसता कोन (बेरिंगचा आतला रोलरचा भाग) बदलून जुना कप ठेवू म्हणाला तर ऐकू नका, कप-कोन जोडीनंच. हबचा गंज तारेच्या ब्रशनं घासल्याशिवाय नवी डिस्क बसवू देऊ नका, आणि डिस्कवरचा तेलाचा पातळ थर पुसून घ्या. मधला नट कसताना चाक फिरवत ठेवायचं, मग थोडा सैल करून, तो फिरू नये म्हणून पिन घालायची. माझ्या मिस्त्रीनं पहिल्यांदा जरा जास्तच कसला होता. दहा किलोमीटरवर थांबून हबला हात लावला तर चटका बसला. तिथंच रस्त्याच्या कडेला पिन काढून नट सैल केला. पुढच्या थांब्याला हब नुसता कोमट होता.