‘एलएलएम’ची टेम्प्लेट्स : शासन निर्णय वाचायला हे साधन कितपत कामाचं?

एकच सूचना रोज नव्याने टाइप केली की भाषा-मॉडेलकडून रोज वेगळ्या साच्याचं उत्तर येतं. सोमवारी तारीख वर, मंगळवारी तारीख गायब, बुधवारी लाखांचे मिलियन झालेले. यावर साधा इलाज म्हणजे सूचना एकदाच नीट लिहायची, फाईलमध्ये ठेवायची आणि प्रत्येक वेळी तीच वापरायची. हे काम करणारी साधनं आता बरीच आहेत. त्यांतलं ‘एलएलएम’ हे सायमन विलिसन यांचं टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालणारं साधन इथे तपासलं आहे. विलिसन जँगो या वेब फ्रेमवर्कच्या दोन मूळ निर्मात्यांपैकी एक. साधन फुकट आहे, अपाचे २.० परवान्याखाली खुलं आहे आणि टेम्प्लेटची सोय त्यात जून २०२३ मधल्या ०.४ आवृत्तीपासून आहे.

तपासणीसाठी मुद्दाम मराठी काम घेतलं : महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांतून ठरावीक माहिती काढणं. पत्रकार, शिक्षक संघटना, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, माहिती अधिकारात काम करणारे, सगळ्यांना हे करावं लागतं. मजकुराचा साचा बऱ्यापैकी ठरलेला असतो आणि चूक झाली तर ती महागात पडते.

बसवणं सोपं आहे. पायथन असेल तर पिपने, मॅकवर होमब्र्यूने एका ओळीत होतं. मग ओपनएआयची की (मॉडेल वापरायची खाजगी किल्ली) द्यायची, किंवा प्लगइन (जोडणी) टाकून क्लॉड, जेमिनी नाहीतर स्वतःच्या संगणकावर मॉडेल चालवणारं ओलामा जोडायचं. इथे पुष्कळ जण अडकतात : चॅटजीपीटीची मासिक वर्गणी भरलेली असली तरी एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या साधनातून मॉडेल वापरण्याचे, पैसे वेगळे भरावे लागतात.

टेम्प्लेट म्हणजे यामल या साध्या मजकूर-साच्यातली एक छोटी फाईल. ‘टेम्प्लेट्स एडिट’ ही आज्ञा आणि पुढे हवं ते नाव दिलं की फाईल एडिटरमध्ये उघडते. आज्ञेच्या ओळीतच सूचना लिहून ‘सेव्ह’ पर्यायाने ती जपताही येते, पण चार ओळींपेक्षा मोठ्या मराठी सूचनेसाठी एडिटरच बरा. फाईलमध्ये मुख्य खाने पाच : सिस्टीम (कायमचे नियम), प्रॉम्प्ट (प्रत्यक्ष सूचना), मॉडेल, ऑप्शन्स (मॉडेलची सेटिंग्ज) आणि डिफॉल्ट्स (काही दिलं नाही तर धरायच्या किंमती). प्रॉम्प्टमध्ये जिथे बाहेरून आलेला मजकूर बसवायचा तिथे डॉलर चिन्ह लावून रोमन लिपीत ‘इनपुट’ लिहायचं. वापरताना मजकूर पाइपने (एका आज्ञेतून दुसरीत) पाठवायचा आणि ‘टी’ पर्यायापुढे टेम्प्लेटचं नाव द्यायचं, बस.

आता सूचना काय लिहायची? खरं कौशल्य इथेच लागतं. शासन निर्णयात वर विभाग, क्रमांक आणि तारीख असते. मग ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीच्या निर्णयांची यादी, प्रस्तावना, प्रत्यक्ष निर्णय आणि शेवटी संकेतांक. ‘थोडक्यात सांग’ एवढंच म्हटलं तर मॉडेल सर्वांत जास्त गोंधळ ‘वाचा’ खालच्या तारखांमध्ये घालतं. जुन्या निर्णयाची तारीख नव्याला चिकटते. प्रस्तावनेतली मागणी मंजूर झाल्यासारखी लिहिली जाते, ही त्याहून वाईट चूक. म्हणून सिस्टीमच्या खान्यात हे नियम स्पष्ट हवेत :

‘फक्त दिलेल्या मजकुरातली माहिती लिही. निर्णयाची तारीख शीर्षभागातली घे. “वाचा” खालच्या तारखा “आधीचे संदर्भ” या खान्यात टाक. प्रस्तावनेतली कोणतीही गोष्ट मंजूर झाली असं समजू नकोस. मंजुरी फक्त “शासन निर्णय” या शीर्षकाखालून घे. रक्कम छापली आहे तशीच लिही, लाख-कोटी बदलू नकोस. माहिती सापडली नाही तर “नमूद नाही” लिही. प्रत्येक उत्तराखाली ज्या वाक्यावरून ते घेतलं ते मूळ वाक्य जसंच्या तसं दे.’

शेवटचा नियम सगळ्यांत मोलाचा. मूळ वाक्य हाती असलं की ते मजकुरात शोधून पाहता येतं. सापडलं नाही तर ते उत्तर बाद. तारखेसाठी आणखी एक पडताळणी आहे : संकेतांकाचे पहिले आठ अंक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने असतात आणि सहसा निर्णयाच्या तारखेशी जुळतात. ‘नमूद नाही’ची वाट मोकळी ठेवली नाही, तर मॉडेल रिकामा खाना भरायला काहीतरी रचतं. ऑप्शन्समध्ये टेम्परेचर (उत्तर बदलण्याची मोकळीक) ० ठेवलं की त्याच मजकुराला मिळणारी उत्तरं बरीच स्थिर राहतात. तंतोतंत सारखी येतीलच असं नाही, आणि काही ‘रीझनिंग’ (टप्प्याटप्प्याने विचार करणारी) मॉडेलं टेम्परेचर स्वीकारतच नाहीत, तिथे ती ओळ काढावी लागते.

मराठीत काम करताना अडणाऱ्या जागा वेगळ्याच आहेत. पहिली, चलांची (दर वेळी बदलणाऱ्या जागांची) नावं. विभागाचं नाव दर वेळी बदलून द्यायचं म्हणून डॉलर चिन्हापुढे देवनागरीत ‘विभाग’ लिहिलं तर चालत नाही. आत पायथनचा साधा स्ट्रिंग टेम्प्लेट आहे आणि तो रोमन अक्षरांचीच नावं ओळखतो. नाव रोमनमध्ये ठेवायचं, ‘पी’ पर्यायाने दिलेली किंमत खुशाल मराठीत. सूचनेत खरोखरच डॉलरची रक्कम लिहायची असेल तर चिन्ह दोनदा टाकावं लागतं. बाहेरून आलेल्या मजकुरातल्या डॉलरला मात्र धक्का लागत नाही. एखाद्या चलाची किंमत द्यायची राहिली तर साधन थांबतं आणि कोणतं चल राहिलं ते सांगतं. अर्धवट सूचना मॉडेलपर्यंत जातच नाही, ही रचना फार चांगली आहे.

दुसरी जागा यामलची. ‘सिस्टीम’ पुढे त्याच ओळीत ‘विषय: थोडक्यात लिही’ असं लिहिलं की दुसऱ्या अपूर्णविरामावर (:) फाईल मोडते. म्हणून मोठा मजकूर पुढच्या ओळींवर आत सरकवून लिहावा आणि वर उभी रेघ द्यावी. उभ्या रेघेऐवजी ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह दिलं तर सगळ्या ओळी जोडून एक परिच्छेद होतो. नियमांची यादी सलग वाक्यांची माळ होते, कुठेही चूक दाखवली जात नाही आणि उत्तरं मात्र सैल पडू लागतात. जागा सोडायला टॅब वापरायचा नाही, स्पेसच.

तिसरी विंडोजची. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मधून देवनागरी मजकूर पाइपने पाठवला तर अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, कारण तिथली मूळ ठेवण आस्की, म्हणजे फक्त रोमन अक्षरांची, आहे. मॉडेल त्या प्रश्नचिन्हांवरही आत्मविश्वासाने उत्तर देऊन मोकळं होतं. आउटपुट एन्कोडिंग यूटीएफ-८ करावं किंवा सरळ डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधल्या लिनक्समध्ये) काम करावं.

पीडीएफमधून मजकूर काढतानाही डोळे उघडे हवेत. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, जोडाक्षरं फुटतात, स्कॅन केलेल्या प्रतीतून तर काहीच निघत नाही. आधी काढलेला मजकूर वाचायचा, मगच टेम्प्लेट लावायचं. मजकूर खराब असेल तर पीडीएफ वाचू शकणारं मॉडेल निवडून फाईल ‘ए’ पर्यायाने जोडणं जास्त विश्वासाचं.

लांबीचा प्रश्न मराठीत लवकर येतो. ओपनएआयने मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ आणताना दिलेल्या नमुन्यात मराठी मजकुराचे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) ९६ वरून ३३ वर आले होते. म्हणजे तुकडे पाडणाऱ्या जुन्या टोकनायझरवर तोच मजकूर जवळपास तिप्पट जागा आणि तिप्पट पैसे खात होता. ओलामावरच्या मॉडेलांना मुळात दिलेली जागा अनेकदा ४,०९६ टोकनांचीच असते. दहा पानी शासन निर्णय त्यात मावत नाही आणि उरलेला भाग काही न सांगता कापला जातो. टेम्प्लेटच्या ऑप्शन्समध्ये ‘नम-सीटीएक्स’ (num_ctx) १६,३८४ अशी वाढवून ठेवली की हे टळतं. संगणकाला मेमरी मात्र तेवढी हवी.

उत्तर वाचण्याऐवजी तक्त्यात भरायचं असेल तर ०.२३ आवृत्तीपासून स्कीमाची (उत्तराचे खाने ठरवून देण्याची) सोय आहे : खान्यांची नावं स्वल्पविरामाने दिली की उत्तर जेसनमध्ये, म्हणजे खान्याचं नाव आणि किंमत अशा साच्यात, येतं, आणि ती स्कीमा टेम्प्लेटमध्येच जपता येते. प्रत्येक प्रश्न आणि उत्तर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाईलमध्ये नोंदलं जातं, त्यामुळे कोणत्या सूचनेवर काय आलं ते महिन्याने पुन्हा उघडून पाहता येतं. पण लोकांच्या तक्रारी, आधार क्रमांक, आजारपणाची कागदपत्रं असा मजकूर असेल तर ‘लॉग्ज ऑफ’ आधी करावं. आणि हा मजकूर बाहेरच्या मॉडेलकडे जातो, हे नोंद बंद केल्याने बदलत नाही.

दुसऱ्यांची टेम्प्लेट्स गिटहबवरून थेट वापरायचा प्लगइनही आहे. तो दर वेळी मूळ शाखेतून फाईल उचलतो, म्हणजे मालकाने आज शब्द बदलले की तुमची उत्तरं उद्या बदलतील. कार्यालयात चार जणांनी वापरायचं असेल तर स्वतःची प्रत घ्यावी. सगळी टेम्प्लेट्स एकाच फोल्डरमध्ये असतात. ते फोल्डर गिटमध्ये ठेवलं की कोणी, कधी, कोणता नियम बदलला ते दिसतं.

टेम्प्लेटमुळे सुरक्षितता मात्र येत नाही. ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव विलिसन यांनीच सप्टेंबर २०२२ मध्ये रूढ केलं. आत बसवलेल्या मजकुरातच ‘वरचे नियम विसर’ असं कोणी लिहिलं तर मॉडेल ते ऐकू शकतं. शासन निर्णयात हा धोका नगण्य. नागरिकांच्या ईमेलवर टेम्प्लेट लावायचं असेल तर खरा.

उणिवा दोन, आणि दोन्ही मोठ्या. ‘परिपत्रक असेल तर हे खाने, शुद्धिपत्रक असेल तर ते’ अशी अट साधनाला स्वतः तपासता येत नाही, वेगळी टेम्प्लेट्स करावी लागतात. आणि चाचणीची सोय नाही. नियम बदलल्यावर जुनी बरोबर उत्तरं बिघडली का, हे आपणच पाहायचं. त्यासाठी आठ-दहा वेगवेगळ्या धाटणीचे निर्णय बाजूला काढावेत : एखादा एक पानी, एखादा परिशिष्टांचा, एखादा आधीचा निर्णय अधिक्रमित करणारा, एखादं शुद्धिपत्रक. त्यांची उत्तरं हाताने तपासून जपावीत आणि टेम्प्लेटला हात लावला की सगळ्यांवर पुन्हा चालवून फरक पाहावा. मॉडेल बदललं तरी हेच करायचं.

माऊसशिवाय काम करायची सवय नसलेल्यांना हे साधन सुरुवातीला जड जाईल. महिन्याला दोन-तीनच निर्णय वाचणाऱ्याने यात पडू नये. रोज ढीग उपसणाऱ्याने मात्र जरूर घ्यावं. फक्त एक गोष्ट कोणत्याही टेम्प्लेटकडून मागू नये : हा निर्णय आजही लागू आहे का. त्याचं उत्तर दिलेल्या मजकुरात नसतं, नंतरच्या निर्णयांत असतं, आणि ते संकेतस्थळावर जाऊन स्वतःच शोधावं लागतं.