रिकामी डबी आणा, मग पुढची मिळेल

औषधाची पूड संपली की रिकामी डबी थेरपी केंद्रात परत द्यायची, तेव्हाच नवी मिळायची. तासगाव तालुक्यातल्या एका कुटुंबाने पाच महिने हा नियम पाळला. प्लॅस्टिकचा कचरा वाढायला नको, असं काउंटरवरची मुलगी सांगायची, आणि ते पटण्यासारखंही होतं. आता तक्रार करायची वेळ आलीय तर पावत्या आहेत, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आहे, पण पोराच्या पोटात गेलेल्या औषधाचा चिमूटभर नमुना नाही. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांच्या आईबापांना लुबाडायची रीत या एका घराच्या हिशेबात पुरेपूर दिसते, म्हणून त्यांना विचारूनच तो इथे मांडतोय. तक्रार अजून व्हायची असल्याने केंद्राचं नाव लिहिलेलं नाही.

सुरुवात पेपरातून आलेल्या पॅम्प्लेटने झाली. मंगल कार्यालयात रविवारी मोफत तपासणी शिबिर. मुलगा साडेतीन वर्षांचा. हाक मारली तरी वळत नव्हता, खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासभर फिरवायचा, पूर्वी येत असलेले चार-पाच शब्दही गेले होते. आजीचं म्हणणं, 'त्याचा मामापण उशिराच बोलला.' अंगणवाडीच्या ताईंनी सिव्हिलला दाखवा म्हटलं तेव्हा बापाने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. नात्यातल्या एका लग्नात बँजो सुरू झाल्यावर पोरगं कान दाबून ओरडायला लागलं आणि पंगतीत कुणीतरी म्हणालं, 'आईनं मोबाइल देऊन देऊन बिघडवलंय.' आई ताटावरून उठली.

शिबिरातल्या माणसाने हेच वाक्य उचललं. 'ताई, हा ऑटिझम नाहीच. मोबाइलनं झालेला व्हर्च्युअल ऑटिझम आहे. सहा महिन्यांत जातो. पण पाच वर्षांच्या आत काय ते करा, नंतर मेंदूचं दार बंद होतं.' चूक तुमची, ती पुसता येते, आणि वेळ थोडा उरलाय. घरात कुणाशी बोलता न येणारी बाई या तीन गोष्टी एका दमात ऐकून पैसे भरणार नाही तर काय करेल?

वस्तुस्थिती अशी. लहान मुलाच्या हातातला मोबाइल कमी करणं चांगलंच. त्याने बोलणं-खेळणं वाढायला जागा मिळते. पण 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचं निदान डॉक्टर ज्या पुस्तकावरून निदान करतात त्या डीएसएम-५ मध्ये नाही. थेरपी लवकर सुरू झालेली बरी हेही खरं, मात्र पाचव्या वाढदिवसाला कसलंही दार बंद होत नाही. सात-आठ वर्षांची मुलंही शब्द, खाणाखुणा, स्वतःचं स्वतः आवरणं शिकतात. आईला दोषी धरायची खोड तर जुनी. १९५० च्या सुमारास अमेरिकेत थंड मनाच्या आयांमुळे ऑटिझम होतो असं शिकलेले लोक सांगत आणि अशा आयांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणत. ते खोटं ठरलं. आता फ्रिजच्या जागी मोबाइल आला, एवढंच.

पैसे असे गेले. केसपेपर १०० रुपये, ब्रेन मॅपिंग ३,५००, केसांची तपासणी ६,०००, सहा महिन्यांचं पॅकेज ७२,०००, आणि औषध महिन्याला ४,२०० प्रमाणे पाच महिन्यांचे २१,०००. एकूण १,०२,६००. पॅकेजचे पहिले २५,००० बेदाण्याच्या सौद्याच्या पैशातून दिले, बाकीच्यासाठी पतसंस्थेत गंठण ठेवून सोनेतारण काढलं. पॅकेजची मूळ किंमत ९६,००० होती. 'आजच नाव नोंदवलं तर' ७२,०००. उपचारात ही आजची सवलत ऐकली की तिथूनच उठावं.

ब्रेन मॅपिंग म्हणजे डोक्यावर तारांची टोपी घालून आठ-दहा मिनिटांत रंगीत छापील चित्र काढणं. लाल डाग दाखवून 'इथं ब्लॉक आहे' म्हणून सांगितलं. ऑटिझम अशा चित्रात दिसत नाही, रक्तात नाही, केसातही नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढतात तो फिट येत असल्याची शंका असेल तेव्हा. निदान होतं ते मुलाला खेळताना पाहून, आईवडिलांना बारकाईने विचारून, ठरलेल्या प्रश्नावलीवर गुण देऊन. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे आयएसएए ही ऑटिझम मोजायची भारतीय प्रश्नावली वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ७० च्या खाली आले तर ऑटिझम नाही, १०७ पासून १५३ पर्यंत मध्यम. याला मशीन लागत नाही, वेळ आणि नजर लागते. म्हणूनच ते पावतीवर लावायला फारसं उपयोगी नाही.

तिथे भिंतीवरच्या टीव्हीवर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन व्हिडिओ सतत चालू असत. आधीच्यात मुलगी रडतेय, नंतरच्यात चेंडू देतेय, आणि खाली 'आठ महिन्यांतला फरक' अशी पट्टी. आईने ते पंधरा-वीस वेळा पाहिले असतील. चौथ्या महिन्यात, वाट बघत बसली असताना, तिला मुलीच्या मागची दिनदर्शिका दिसली. दोन्ही व्हिडिओंत पान एकाच महिन्याचं, आणि एकाच तारखेभोवती पेनाने गोल. भुकेलं, झोपमोड झालेलं मूल आणि तेच मूल खाऊनपिऊन झाल्यावर, हा फरक कुठल्याही घरात एका दुपारीही दिसतो.

थेरपीचे कागदावर ७२ तास, आठवड्याला तीन, प्रत्येकी ४५ मिनिटांचे. आईने वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. प्रत्यक्षात भरले ३१. म्हणजे हजाराचा तास २,३०० च्या वर पडला. तोही एकट्याचा नव्हे, सहा मुलं आणि शिकवायला एक मुलगी, जिचं स्वतःचं प्रशिक्षण दहा दिवसांचं. पालकांना आत सोडत नव्हते. 'तुम्ही दिसलात की तो चिकटतो.' ऐकायला खरं वाटतं, पण चांगला थेरपिस्ट आईला मुद्दाम आत बसवतो, कारण आठवड्याचे उरलेले सगळे तास मूल तिच्याजवळच असतं. काच, कॅमेरा, दार उघडं, काहीतरी असतंच.

दुसऱ्या महिन्यात मुलगा 'पानी' म्हणाला. घरात पेढे वाटले गेले आणि पॅकेजचा पुढचा हप्ता बिनबोभाट गेला. इथे बहुतेक पालक अडकतात. तीन ते पाच या वयात ऑटिझम असलेली बरीच मुलं काहीच न करताही थोडी पुढे सरकतात, कधी मागेही येतात. आपण दारोदार फिरतो ते सगळ्यात वाईट दिवसांत, त्यामुळे त्यानंतरचे दिवस आपोआप बरे दिसतात आणि श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला मिळतं. म्हणून सुरुवातीलाच आकडा लिहून घ्यायचा: नाव दहादा घेतलं तर किती वेळा वळतो, दिवसात किती वेळा हात धरून नेऊन मागतो, किती वेळा बोट दाखवतो. खरा थेरपिस्ट अशी तीन-चार उद्दिष्टं कागदावर देतो आणि तीन महिन्यांनी तोच कागद काढतो. 'खूप सुधारणा आहे' या वाक्यात मोजण्यासारखं काहीच नसतं.

आता डबी. लाल झाकण, साधारण ६० ग्रॅम पूड, वर हाताने लिहिलेला नुसता आकडा. आयुर्वेदिक औषध असलं तरी डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, तयार केल्याची तारीख आणि घटक छापलेले असावे लागतात. इथे काहीच नव्हतं. मुलगा दुपारी चार-चार तास झोपायला लागला, लाळ गळायला लागली, दोन महिन्यांत वजन ३ किलोने वाढलं. केंद्र म्हणालं, 'मेंदू शांत होतोय.' पुडीत नेमकं काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही. पण बिनलेबलच्या पुडीत झोपेचं औषध किंवा स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, भस्मात शिसं-पारा असू शकतो, आणि स्टेरॉइड एकदम थांबवणंही धोक्याचं. त्यामुळे अशी पूड चालू असेल तर डबीसकट बालरोगतज्ज्ञाकडे जा आणि कशी थांबवायची ते त्यांनाच विचारा.

या मुलाला फिटची गोळी नव्हती, हे नशीब. ऑटिझमबरोबर अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असलेली मुलं पुष्कळ असतात, आणि 'आमचं सुरू करताना इंग्रजी औषध बंद' हे अशा ठिकाणचं ठरलेलं वाक्य. फिटची गोळी एकदम तोडली तर आधीपेक्षा जोराची, न थांबणारी फिट येऊ शकते. आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली की १०८.

तिसऱ्या महिन्यात फरक थांबल्यावर गहू आणि दूध बंद करायला लावलं आणि 'ग्लूटेन-फ्री' पीठ विकत दिलं. पिठाच्या पिशवीवर घटक वाचले तर मुख्य ज्वारी. घरात शाळूची पोती थप्पीला लागलेली! ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन, ज्वारी-बाजरीत ते मुळातच नसतं. या आहाराने ऑटिझम कमी होतो याला भक्कम आधार नाही, आणि ज्या पोराला पाच-सहाच पदार्थ चालतात त्याच्या ताटातून चपाती आणि दूध काढलं की उरतो भात. शेवटी भातच उरला. आणि तरी फरक नाही, तेव्हा उत्तर आलं, 'घरी डाएट मोडलं असणार.' पंगतीत ऐकलेलं वाक्यच पुन्हा, फक्त या वेळी एक लाख मोजून.

पुढची पायरी म्हणून स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी टोचायचा उपचार, सुचवला होता, खर्च लाखांत. बापाने तिथे हात आखडला ते बरं झालं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस नसल्याचं स्पष्ट केलंय. शरीरातून धातू काढायची चिलेशनची सलाइन तर त्याहून भयंकर. अमेरिकेत २००५ मध्ये तिने पाच वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा दगावला.

माणूस तपासायचा कसा? स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीतला सीआरआर क्रमांक असतो. तो मागा, परिषदेच्या वेबसाइटवर नाव टाकून पाहा, नोंदणीची मुदत संपलीय का तेही पाहा. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे मात्र सीआरआर मागू नका. त्यांची नोंदणी महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे असते. भिंतीवरची 'ऑटिझम एक्स्पर्ट' अशी फ्रेम म्हणजे यातलं काहीच नाही. सरकारी वाट अंगणवाडीतल्या तपासणीपासून सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, तिथून सिव्हिलच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. रांग लागते, तारीख पुढची मिळते, सगळं खरं; पण गंठण ठेवावं लागत नाही. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राचा अर्जही ऑनलाइन फुकट भरता येतो, 'अपंगत्वाचे टक्के वाढवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

फसलेलं लक्षात आल्यावर नवरा-बायकोने चार महिने कुणालाच सांगितलं नाही. गावात हसतील म्हणून. या गप्प बसण्यावरच असली केंद्रं चालतात. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे, सांगली आणि साताऱ्यात जिल्हा आयोग आहेत, पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून आधी विचारताही येतं. पावतीवर 'पैसे परत मिळणार नाहीत' असा शिक्का असला तरी तक्रारीचा हक्क जात नाही. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअॅपचं बोलणं पूर्ण एक्स्पोर्ट करून, पॅम्प्लेटचा फोटो, आणि तारखांची ती वही, एवढं जोडा. डॉक्टर म्हणवणाऱ्याची नोंदणीच नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज द्या.

आणि तुमच्याकडे अजून अशी एखादी डबी असेल तर ती परत देऊ नका, धुऊ नका. आहे तशी झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा, वर मिळाल्याची तारीख लिहा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्जासोबत दाखवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.